कार्डावरचं नाव

नाव विचारणारा माणूस चांगल्या कामासाठी आलेला नसतो, हे मावशीचं ठाम मत होतं, आणि ते काही हवेतून आलेलं नव्हतं. एकवीस वर्षं तिने लोकांच्या फरशा पुसल्या. आधी बँकेत, मग दवाखान्यात, मग एका सिनेमागृहात, आणि आता या कॉलेजात. एवढ्या वर्षांत तिला नाव विचारलं गेलं ते मोजून तीन वेळा. एकदा बँकेतल्या साहेबांचं पेन सापडेना तेव्हा. एकदा दवाखान्यात ओल्या फरशीवरून डॉक्टरीणबाई घसरल्या तेव्हा. आणि एकदा सिनेमागृहात तिने मॅनेजरच्या मेव्हण्याला "जरा पाय उचला" म्हटलं तेव्हा. तिन्ही वेळा नाव कागदावर गेलं आणि पाठोपाठ मावशी रस्त्यावर. एरवी नावावाचून कुणाचं अडतंय? 'मावशी' म्हटलं की काम भागतं. जणू काही जगातल्या झाडून सगळ्या आयांची ही सख्खी बहीण!

म्हणून त्या मंगळवारी तिसऱ्या मजल्यावर एक चष्मेवाली मुलगी समोर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तुमचं नाव काय हो?" तेव्हा मावशीने आधी आजूबाजूची फरशी ओली आहे का ते पाहिलं.

"कशाला?"

"असंच."

"असंच कुणी विचारतं होय? काय हरवलं का? कुणी पडलं का?"

"छे हो. काही नाही. खरंच असंच."

मावशीने गळ्यातलं कार्ड पुढे धरलं. "यावर आहे. वाच."

मुलीने वाचलं, गोड हसली आणि वही काढून ते नाव लिहून घेतलं. लिहून घेतलं! मावशीने बादली उचलली आणि काहीच झालं नाही अशा चालीने जिन्यापर्यंत गेली. जिन्यात मात्र तिला कठड्याला धरावं लागलं.

आता कार्डाची गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई उगाचच घाबरट. तर ते कार्ड मावशीचं नव्हतंच. नाव धाकट्या बहिणीचं, फोटो धाकटीचा, जन्मतारीखसुद्धा धाकटीची. कॉलेजातल्या सफाईचं कंत्राट नव्या माणसाकडे गेलं तेव्हा त्याने नियम काढला की पंचावन्नच्या वरची बाई नको. मावशी तेव्हा सत्तावन्नची. मग धाकटीने अर्ज केला, तिला घेतलं, कार्ड छापून आलं, आणि नेमकं त्याच आठवड्यात तिला कपड्यांच्या कारखान्यात काजं-बटणांचं काम मिळालं. बसून करायचं. धाकटीची पाठ धरलेली, तिला तेच सोयीचं. कार्ड आठ दिवस फळीवर पडून राहिलं. नवव्या दिवशी मावशीने ते गळ्यात घातलं आणि आरशात पाहिलं. दोघी बहिणी तशाही एका साच्यातल्या. फोटो तर असला की त्यात मावशीच काय, शेजारणीची सासूही खपून गेली असती. या गोष्टीला दोन वर्षं झाली. रोज हजेरीच्या वहीत धाकटीच्या नावाची सही करायची, आणि मुकादमाने त्या नावाने हाक मारली की "ओ" द्यायची. पहिला महिनाभर ती "ओ" द्यायला विसरायची. मुकादमाची समजूत अशी, की बाईला कमी ऐकू येतं. मावशीने ती समजूत काही खोडून काढली नाही.

नवरा जाऊन बारा वर्षं झालेली, पोटी मूल नाही, राहायला धाकटीच्याच घरात. धाकटी जीव लावणारी, तिचा नवरा देवमाणूस. पण मावशीला एकाच गोष्टीची मरणाची भीती होती. फुकटचं खाण्याची. आज ना उद्या आपलं ताट कुणीतरी दुसरं वाढेल आणि आपल्याला खाली मान घालून जेवावं लागेल, याची. कार्ड गळ्यात होतं तोवर ती घरातली कमावती बाई. कार्ड गेलं की ती घरातली म्हातारी. साठीला टेकलेल्या बाईला दुसरीकडे कोण उभं करणार?

गुरुवारी तर कहरच झाला. मावशी पॅसेज पुसत पुसत चौथ्या वर्गाच्या दाराशी आली. दार अर्धं उघडं होतं. आतून एका मुलाचा आवाज आला, "दुसऱ्याचं कार्ड गळ्यात घातलं, रोज दुसऱ्याच्या नावाने सही केली. सर, त्यांनी केली ती सरळसरळ फसवणूक आहे."

मावशीचा हात जागच्या जागी थांबला.

"पण कामात कुठे फसवलं?" कुणीतरी मुलगी म्हणाली. "त्यांनी काम तर पुरेपूर केलं ना?"

"कामाचा प्रश्नच नाही. खोटं ते खोटं!"

"मला वेगळंच नवल वाटतं." हा आवाज चष्मेवालीचा. मावशीने बरोबर ओळखला. "इतके दिवस कुणाच्या लक्षात कसं आलं नाही? मला वाटतं, कारण एकच. असलं काम करणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघतच नाही. आपण तरी कधी बघतो का?"

"उत्तम मुद्दा," सर म्हणाले. "हे लिहा."

पुन्हा लिहा! मावशीने अर्धा पॅसेज तसाच कोरडा सोडला आणि दुसऱ्या मजल्यावर जाऊन भरलेली बादली ओतून परत भरत बसली.

संध्याकाळी घरी आल्या आल्या तिने धाकटीला सगळं सांगितलं. धाकटी मटार सोलत होती.

"अगं ताई, ते 'त्यांनी, त्यांनी' म्हणत होते ना? मग दुसरंच कुणी असेल. तुला कोण 'त्यांनी' म्हणतंय?"

"तीच तर खरी भीती आहे! मला बोलताना अगं-तुगं करतील, पण लिहिताना मान देतात. कागदावर घ्यायचं ठरलं की चोराचासुद्धा 'त्यांनी' होतो. एवढ्या मानाने बोलतायत म्हणजे प्रकरण वरपर्यंत गेलंय."

धाकटीला हसू आलं, पण ते लगेच मावळलं. तिच्या कारखान्यात महिन्याभरापासून आठवड्यातले तीनच दिवस काम होतं, आणि त्या सकाळी तेही बंद झाल्याचं कळलं होतं. ते तिने ताईला आत्ताच सांगायचं नाही असं ठरवलं होतं. पण चेहरा कुठे लपतो? मावशीने दोन मिनिटांत तिच्याकडून काढून घेतलं. मग मावशीनेही मूठभर शेंगा पुढ्यात ओढून घेतल्या.

पुढचा आठवडाभर चष्मेवालीने मावशीची पाठ सोडली नाही. मावशी जिन्यामागे बादली उपडी करून दहा मिनिटं टेकायची, डाव्या गुडघ्यासाठी. ती जागा कुणाला ठाऊक नव्हती. मुलगी तिथेही येऊन ठेपली.

"मावशी, बादलीवर का बसता? खुर्ची नाही देत?"

"मला बादलीच आवडते. डाव्या गुडघ्याला बरी पडते."

"पाणी दुसऱ्या मजल्यावरून का आणता?"

"इथल्या नळाला धार नाही. पण माझी काही तक्रार नाही हं! लिही तसं, तक्रार नाही म्हणून."

"आणि त्या लाकडी पट्टीने काय करता?"

"बाकांखाली च्युइंगम चिकटवतात तुझे भाऊबंद. ते खरवडते. पट्टी मला फळ्याखाली पडलेली सापडली. कुणाची असली तर परत देते."

मुलगी लिहीत राहिली. शेवटी मावशीचा धीर सुटला. तिने पोछा भिंतीला टेकवला आणि कमरेवर हात ठेवले. "हे बघ बाळ, एकदाचं काय ते सांगून टाक. कुणी पाठवलंय तुला? मुकादमाने?"

मुलगी दचकलीच. "मुकादम? कोण मुकादम? अहो मावशी, हे पुस्तकासाठी चाललंय!" आणि तिने पिशवीतून एक पुस्तक काढलं. वर पांढऱ्या चादरींच्या ढिगाचं चित्र होतं. "आम्हाला वर्गात लावलंय. कमी पगारात राबणाऱ्या माणसांवर आहे. हा लिहिणारा चांगला शिकलेला माणूस. हे जगणं आतून बघायचं म्हणून चुलत भावाचं कार्ड गळ्यात घालून एका मोठ्या धुलाईखान्यात कामाला लागला. अकरा महिने! दुसऱ्याच्या नावाने!"

मावशी उपड्या बादलीवर मटकन बसली. म्हणजे 'त्यांनी' म्हणजे हा? आठ दिवस आपल्या जिवाचं पाणी पाणी झालं ते या चादरीवाल्यासाठी?

"पकडलं नाही त्याला?"

"नाही ना. शेवटी त्यानेच सांगून टाकलं."

"मग काय केलं त्याचं?"

"काय करणार? त्याने पुस्तक लिहिलं. मोठं बक्षीस मिळालं त्याला."

"बक्षीस!" मावशीला हसावं की रडावं कळेना. मग एकाएकी तिचे डोळे बारीक झाले. "आणि तो चुलत भाऊ? त्याचं पुढे काय झालं? कार्ड तर त्याचंच होतं ना?"

मुलीने पुस्तक मागेपुढे चाळलं. शेवटची पानंही पाहिली. "त्याचं... पुढे काही लिहिलेलं नाही."

"नसणारच," मावशी म्हणाली.

त्या क्षणी तिला फार वाटलं, सांगून टाकावं या पोरीला. जिभेवर आलं होतं सगळं. पण एकवीस वर्षांची सवय आडवी आली आणि तिने तोंड मिटून घेतलं.

"सरांनी पुस्तकावर आपापलं मत लिहून आणायला सांगितलंय," मुलगी म्हणाली. "पण आमच्या वर्गाने ठरवलं, नुसतं लिहायचं नाही. काहीतरी करायचं. तुमच्यासाठी."

"माझ्यासाठी? काय करायचं?"

"गंमत आहे. कळेलच!" आणि ती पळाली.

गंमत! मावशीच्या जिवाला पुन्हा घोर लागला. मोठ्या माणसांच्या गमती तिने पाहिल्या होत्या. लहानांच्या त्याहून वाईट असतात, कारण त्या मनापासून केलेल्या असतात.

दहाव्या दिवशी मुकादमाने तिला खाली बोलावलं. मुकादम म्हणजे तिशीतला माणूस, एका कानाला कायम फोन. त्या दिवशी त्याने फोन खिशात ठेवला होता, आणि तेवढ्यावरूनच मावशीने ओळखलं की संपलं.

"बाई, काय जादू केलीत हो?" त्याने एक कागद पुढे सरकवला. खाली सह्याच सह्या. "अख्ख्या वर्गाने प्राचार्यांना पत्र दिलंय. तिसऱ्या मजल्याच्या मावशींना कंत्राटातून काढा आणि कॉलेजच्या नोकरीत घ्या म्हणून. त्यांना बसायला खुर्ची द्या म्हणून. वर तुमचं नाव, अगदी आडनावासकट. शिपाई निवृत्त झाला ती जागा रिकामी होती, प्राचार्यांनी सहीसुद्धा केली! कोण लागता तुम्ही त्या पोरांच्या?"

"कुणीच नाही," मावशी म्हणाली. खरंच होतं ते.

"सोमवारी ऑफिसात या. जन्माचा दाखला आणा, सरकारी ओळखपत्र आणा. नवा फोटो काढतील. आणि यापुढे सहीबिही नाही, यंत्रावर बोट टेकवायचं. तुमचं बोट त्या ओळखपत्राशी जुळलं की झालं."

"आणि नाही आले तर?"

मुकादम तिच्याकडे बघतच राहिला. "वेड लागलंय का? नाही आलात तर ही जागा गेली, आणि माझ्याकडचीही गेली. तिसरा मजला आता कंत्राटात राहिलाच नाही."

दोन वर्षं तिने मुकादमावर नजर ठेवली, कंत्राटदारावर ठेवली, राखणदारावर ठेवली. घाव आला तो गोड बोलणाऱ्या पोरांकडून, आणि तोही असा की कुणाला शिवी देण्याचीसुद्धा सोय नाही! घरी जाताना तिला आतून भडभडून येत होतं. कुणीतरी आपलं भलं केलंय, आणि त्या भल्यात आपणच नाही.

घरी तिने कागद धाकटीपुढे ठेवला. धाकटीने वाचला, पुन्हा वाचला आणि तिचा चेहरा उतरला.

"ताई, आपण नाही म्हणू. कुणाच्या तरी हाती कळवू, बाई आजारी पडली म्हणून."

"आणि खायचं काय? तुझा कारखाना बंद, माझा मजला गेला."

"पण हे काम तुझं आहे गं! पोरांनी तुझ्यासाठी केलंय!"

"नाव कुणाचं आहे?"

धाकटीने कागद पालथा घातला.

"बोट कुणाचं जुळणार आहे?"

धाकटीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मावशी तिच्यावर ओरडली, "रडतेस काय? पक्की नोकरी लागलीय तुला! बसायला खुर्ची देणार आहेत! पाठीला बरी." आणि मग तिने गळ्यातलं कार्ड काढून धाकटीच्या गळ्यात घातलं. दोन वर्षांत कार्डाची दोरी मळून काळी झाली होती. धाकटी ती बोटांनी चाचपत राहिली.

रविवारी सकाळभर शिकवणी चालली. मावशीने घरातल्या दोन खोल्यांचा तिसरा मजला केला. "हे पलंग म्हणजे बाक. मागून पुढे यायचं, पुढून मागे नाही, नाहीतर आपलेच पाय पुसलेल्यावर. चौथ्या वर्गाचं दार उचलून ढकलायचं, ते करकरतं आणि सर चिडतात. पाणी दुसऱ्या मजल्यावरून. पट्टी फडक्यात गुंडाळून जिन्यामागे ठेवलीय, ती माझी... ती तुझी. आणि एक चष्मेवाली आहे. तिच्यापासून जपून राहा. ती बघते. तिला गुडघ्याचं ठाऊक आहे, तेव्हा डावा गुडघा दुखतो म्हणायचं. डावा! विसरलीस तर दोघी मेलो."

सोमवारी धाकटीचं बोट यंत्राशी जुळलं. जुळणारच, तिचंच होतं. कागद खरे, जन्मतारीख खरी. दोन वर्षांत पहिल्यांदाच तिसऱ्या मजल्यावर काहीही खोटं राहिलं नाही.

संध्याकाळी मावशी दारातच उभी होती. "काय म्हणाली ती मुलगी?"

"कुठली? सगळीच पोरं आली होती. टाळ्या वाजवल्या. म्हणाली, मावशी अभिनंदन!"

"ओळखलं नाही?"

"नाही."

"मुकादमाने?"

"तो म्हणाला, बाई आज तुमची तब्येत जरा सुधारलेली दिसतेय."

मावशीचा विश्वास बसेना. एकवेळ मुकादमाचं सोडा, पण ती मुलगी! जी जिन्यामागे आली, जिने पट्टी पाहिली, पाण्याच्या खेपा मोजल्या! नक्कीच तिने ओळखलंय आणि काहीतरी मनात ठेवून गप्प बसलीय. चार दिवस मावशी हेच घोकत बसली. स्वयंपाक करायची, ताटं वाढायची आणि स्वतःच्या ताटात कमी वाढून घ्यायची. धाकटीने ते पाहिलं आणि एक शब्दही न बोलता स्वतःच्या हाताने तिच्या ताटात वाढलं. मावशीला नेमकी त्याचीच भीती होती. ती खाली मान घालून जेवली.

शुक्रवारी धाकटी डबा घरी विसरली. खरं सांगायचं तर मावशीनेच तो फळीमागे सरकवून ठेवला होता. दुपारी ती डबा घेऊन कॉलेजात गेली. फाटकावर राखणदाराने विचारलं, "कुणाकडे?" रोज याच फाटकातून त्याला "काय, जेवलात का?" म्हणत ती जायची. "बहिणीकडे," ती म्हणाली आणि कठड्याला धरून तीन मजले चढली.

जिन्यापाशी धाकटी खुर्चीवर बसली होती. नवी, निळी, प्लास्टिकची खुर्ची. मावशीने डबा दिला आणि तेवढ्यात वर्ग सुटला. चष्मेवाली वही काखेत मारून समोर आली. आता! आता ओळखणार! तिला भीती वाटत होती, आणि खरं म्हणजे त्याहून जास्त दुसरंच काहीतरी वाटत होतं. ओळख बाई, ती मनात म्हणत होती. ओळख, काय व्हायचं ते होऊ दे.

मुलगी धाकटीकडे वळली. "मावशी, खुर्ची बरी आहे ना? गुडघा काय म्हणतो?"

"बरा आहे आता," धाकटी म्हणाली. कुठला ते सांगायची वेळच आली नाही.

मग मुलीने मावशीकडे पाहिलं. नीट, चष्म्यातून, तोंडाकडे पाहिलं. "या कोण?"

"माझी थोरली बहीण," धाकटी म्हणाली.

"हो का? किती सारख्या दिसता हो!" मुलगी हसली. तेच गोड हसू. "तुमचं नाव काय, मावशी?"

दोन वर्षांत त्या इमारतीत मावशीने आपलं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. आता लपवण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. तिने पदर सारखा केला आणि नाव सांगितलं. स्वतःचं, नवऱ्याचं, आडनाव, सगळं. सावकाश सांगितलं, लिहून घ्यायला सोपं जावं म्हणून.

"छान आहे," मुलगी म्हणाली आणि घाईघाईने पुढच्या वर्गाकडे निघून गेली. वही तिच्या काखेतच होती. ती काही तिने काढली नाही.